पांढरी काठी नेमकी कोणासाठी?

मराठीत 'आंधळ्याची काठी' म्हणजे एकुलता आधार. म्हाताऱ्या आईबापांना कमावता मुलगा असावा, तसा. म्हणजे आपल्या भाषेनंही काठीला टेकायचीच वस्तू मानलंय. आज आपण काठी कशी निवडावी हे बघणार आहोत, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१९२१ साली ब्रिस्टलमध्ये जेम्स बिग्ज नावाचे छायाचित्रकार होते. अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. घराभोवती मोटारींची वर्दळ वाढली, तशी त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या पिओरिया गावी लायन्स क्लबच्या मंडळींनी हेच केलं, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पॅरिसला गिली द'एर्बमाँ या बाईंनी पांढऱ्या काठ्या वाटायला सुरुवात केली. आता नीट बघा. तिन्ही ठिकाणी रंग बदलला, काठी नाही बदलली! ती आखूडच राहिली. ती बोलत होती मोटारवाल्याशी. जो ती धरून चालतो त्याला ती फारसं काही सांगत नव्हती.

ते बदललं दुसऱ्या महायुद्धात. पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात डोळे गमावलेले सैनिक येत होते. तरणीताठी पोरं, पायांत काही दोष नाही. त्यांना टेकायला काठी कशाला हवी? तिथं रिचर्ड हूव्हर हे सार्जंट होते, युद्धाआधी अंधशाळेत शिक्षक. १९४४ च्या सुमारास त्यांनी काठी लांब केली, हलकी केली आणि चालण्याची रीतच बसवली: डावा पाय पुढे पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकायचं, उजवा पडताना डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार, ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. पुढे हूव्हर स्वतः नेत्रतज्ज्ञ झाले, ही जाता जाता एक गोष्ट.

इथून मापाचा प्रश्न सुरू होतो. हूव्हर-परंपरेत काठी जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत. अमेरिकेतल्या अंधांच्याच संघटनेनं, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडनं, याहून लांब काठीचा आग्रह धरला. हनुवटीपर्यंत, कधी नाकापर्यंतसुद्धा. कारण साधं आहे: भरभर चालणाऱ्याला खड्डा जरा आधी कळायला हवा. उलट गर्दीत लांब काठी लोकांच्या पायांत येते. आमचं मत लांबीच्या बाजूनं झुकतं, पण उंची, चाल आणि रोजचा रस्ता बघितल्याशिवाय माप ठरवू नये. म्हणूनच कार्यक्रमात सगळ्यांना एकाच मापाच्या काठ्या वाटल्या जातात, ते आम्हाला खटकतं. पाच फुटी माणसाला आणि सहा फुटी माणसाला एकच चपलेचा नंबर आपण देतो का?

बाकीचं हातात घेऊनच कळतं. अखंड काठीतून जमिनीची कंपनं स्वच्छ येतात. घडीच्या काठीला सांधे असतात, थोडं हरवतं, पण लोकलच्या डब्यात ती मांडीवर मावते. बारीक टोक फरशांच्या फटीत अडकतं, फिरतं टोक सहसा अडकत नाही, मात्र वजन वाढतं. ज्याला खरोखरच टेकायला हवं, त्यानं जाड, आधाराचीच काठी घ्यावी. लांब काठीवर भार टाकला तर ती मोडेल. आणि थोडं दिसणारे काही जण आजही आखूड पांढरी काठी नुसती धरतात, समोरच्याला कळावं म्हणून. बिग्जचीच काठी ती.