लीड्स युनायटेडची घसरण : दोषी कोण?

ऐपतीबाहेर कर्ज काढून यशाच्या मागे धावायचे आणि यशाने हुलकावणी देताच थेट तळ गाठायचा, या प्रकाराला इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘डूइंग अ लीड्स’ असे नाव पडले आहे. यॉर्कशायरमधील लीड्स युनायटेड हा मातब्बर क्लब मे २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला. त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा, यावरून क्लबच्या चाहत्यांमध्ये रंगलेला वाद दोन दशकांनंतरही शमलेला नाही.

प्रीमियर लीगमध्ये २० संघ खेळतात आणि हंगामाअखेर तळाच्या तीन संघांना खालच्या श्रेणीत जावे लागते. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत उतरतो. इंग्लंडमध्ये मात्र या घसरणीबरोबर दूरचित्रवाणीचे उत्पन्नही आटते. क्लब कर्जबाजारी असेल, तर ही घसरण प्राणावर बेतते.

लीड्सची घसरण एका हंगामात झालेली नव्हती. २००१ मध्ये डेव्हिड ओलिअरी यांच्या तरुण संघाने चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. तेथे व्हॅलेन्सियाने त्याला रोखले. त्याच मोसमात प्रीमियर लीगमध्ये लीड्स चौथा आला. तिसऱ्या स्थानावरील लिव्हरपूलपेक्षा केवळ एक गुण कमी पडल्याने पुढच्या चॅम्पियन्स लीगचे दार बंद झाले. क्लबचा सारा हिशेब मात्र ते दार उघडेच राहील, या भरवशावर मांडलेला होता. सप्टेंबर २००१ मध्ये भविष्यातील तिकीटविक्री तारण ठेवून २५ वर्षांच्या मुदतीने ६ कोटी पौंडांचे कर्ज उचलण्यात आले. रिओ फर्डिनंड १ कोटी ८० लाख पौंडांना आधीच आला होता. त्याच्यामागोमाग रॉबी फाउलर, सेठ जॉन्सन आले.

चाहत्यांच्या रोषाचे पहिले लक्ष्य अध्यक्ष पीटर रिड्सडेल. लहानपणापासून लीड्सचेच चाहते असलेले हे गृहस्थ एके काळी एलंड रोडवर कमालीचे लोकप्रिय होते. एप्रिल २००० मध्ये इस्तंबूलमध्ये लीड्सच्या दोन चाहत्यांची हत्या झाली, तेव्हा त्यांनी दाखवलेल्या संयमाचे सर्वत्र कौतुक झाले होते. मार्च २००३ मध्ये त्यांनी पद सोडले, तोवर हेच नाव टिंगलीचा विषय झाले होते. कार्यालयातील गोल्डफिशच्या टाकीवर क्लब भाडे मोजत असल्याची बातमी फुटली आणि उधळपट्टीचे प्रतीक म्हणून ते मासेच लोकांच्या लक्षात राहिले. वास्तविक क्लब बुडाला तो खेळाडूंच्या पगारांमुळे. जून २००३ मध्ये संपलेल्या वर्षात तोटा ४ कोटी ९५ लाख पौंडांवर गेला आणि कर्ज ८ कोटींच्या घरात पोहोचले. माशांवरचा खर्च त्यात किरकोळच.

दुसरा गट ओलिअरींकडे बोट दाखवतो. १ जानेवारी २००२ रोजी गुणतक्त्यात अव्वल असलेला संघ हंगामाअखेर पाचवा आला आणि जूनमध्ये त्यांची गच्छंती झाली. खेळाडू मागितले प्रशिक्षकाने, मग धनादेशावर सही करणाऱ्यालाच दोषी का धरायचे, असा या गटाचा सवाल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड वी फॉल’ या पुस्तकात रिड्सडेल यांनीही आपली बाजू मांडली.

त्यानंतर आलेल्या प्रशिक्षकांच्या वाट्याला शिव्या आल्या, पण हाती फारसे काही आले नाही. जुलै २००२ मध्ये फर्डिनंड मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. जानेवारी २००३ मध्ये जोनाथन वुडगेटही गेला, तेव्हा टेरी व्हेनेबल्स यांची नाराजी लपून राहिली नाही. त्यांच्या जागी आलेल्या पीटर रीड यांनी मे २००३ मध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे नमवून क्लबला वाचवले. पुढच्या मोसमात मात्र उसनवारीवर आणलेल्या खेळाडूंवर भिस्त ठेवावी लागली. नोव्हेंबरमध्ये पोर्ट्समथने ६-१ असा धुव्वा उडवताच रीडही गेले. जुने खेळाडू एडी ग्रे यांनी सूत्रे घेतली, तोवर फार उशीर झाला होता. २ मे २००४ रोजी बोल्टनमध्ये गोल करणाऱ्या मार्क विडुकालाच लाल कार्ड मिळाले, लीड्स ४-१ असा हरला आणि उरलीसुरली आशा मावळली. ३३ गुण, १९ वे स्थान. त्याच महिन्यात घरचा लाडका ॲलन स्मिथ कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडकडे गेला.

या वादात एका पक्षाचे नाव क्वचितच घेतले जाते, तो म्हणजे खुद्द प्रेक्षक. प्रत्येक महागड्या खरेदीला एलंड रोडवर टाळ्याच पडल्या होत्या. पैसा येतो कोठून, हे विचारणारे थोडे. तरीही दोघांचा दोष सारखा म्हणता येणार नाही. प्रेक्षकांपुढे ताळेबंद नव्हता, संचालकांपुढे होता. अंतिम जबाबदारी त्यामुळे संचालक मंडळाचीच ठरते. रीड आणि ग्रे यांच्या हाती केवळ त्या निर्णयांचे बिल पडले.

त्या बिलाची वसुली पुढेही चालू राहिली. एलंड रोड मैदान विकून भाड्याने घ्यावे लागले. २००७ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया, १० गुणांची कपात आणि तिसऱ्या श्रेणीत घसरण अशी नामुष्की ओढवली. मार्सेलो बिएल्सा यांच्या मार्गदर्शनाखाली लीड्स प्रीमियर लीगमध्ये परतला तो २०२० मध्ये, म्हणजे १६ वर्षांनी. २०२३ मध्ये ३१ गुणांसह तो पुन्हा १९ वा आला. त्या एकाच हंगामात जेसी मार्श, हावी ग्रासिया आणि सॅम अलार्डाइस असे तीन प्रशिक्षक झाले होते, आणि एलंड रोडवर दोषी कोण, हा वाद नव्या नावांनिशी सुरू झाला.