भाड्याने दिलेले घर विकताना भांडवली नफ्यावरील कर

भाड्याने दिलेले घर विकायला काढले की मालकाच्या मनात पहिली शंका येते ती अशी : आपण स्वतः या घरात कधी राहिलोच नाही, मग घरविक्रीवरील करसवलत आपल्याला मिळेल काय? याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ५४ नुसार विकलेले घर निवासी असावे आणि त्याचे उत्पन्न 'घरापासूनचे उत्पन्न' या सदरात करपात्र असावे, एवढे पुरते. मालकाने त्यात राहिले पाहिजे, अशी अट कायद्यात कोठेही नाही. लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने वर्षानुवर्षे दिलेली सदनिकाही या सवलतीस तितकीच पात्र ठरते. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सवलतींचा गाभा तोच असल्याने येथे परिचित असे जुने क्रमांकच वापरले आहेत.)

घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. वारसाहक्काने आलेल्या घराच्या बाबतीत आधीच्या मालकाचा काळही धरला जातो आणि त्याने मोजलेली किंमत हीच आपली खरेदी किंमत मानली जाते. २३ जुलै २०२४ पासून या नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के दराने कर आकारला जातो. मात्र त्या तारखेपूर्वी घर घेतलेल्या निवासी व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांकासह २० टक्के दराने, कर कमी येत असेल तर तेवढाच भरण्याची मुभा आहे.

दोन्ही हिशेब करून पाहणे का आवश्यक आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. समजा, पुण्यातील एक सदनिका २००४-०५ मध्ये १२ लाख रुपयांस घेतली. त्या वर्षाचा निर्देशांक ११३ आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे वाढीव खरेदी किंमत सुमारे ३९.९३ लाख रुपये. सदनिका २०२५-२६ मध्ये ७० लाखांस विकली तर जुन्या पद्धतीने कर सुमारे ६.०१ लाख व नव्या पद्धतीने ७.२५ लाख रुपये येतो. तीच ९० लाखांस विकली तर जुन्या पद्धतीने सुमारे १०.०१ लाख, पण नव्या पद्धतीने ९.७५ लाख. (उपकर व अधिभार वेगळे.) थोडक्यात, किंमत फार वाढलेल्या घराला नवा दर मानवतो, तर बेताने वाढलेल्या घराला जुना. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. परंतु त्या दिवशीचे मुद्रांक शुल्क मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून अधिक आकडा लावता येत नाही.

भाड्याच्या घराचे काही प्रश्न मात्र खास त्याचे आहेत. पहिला गृहकर्जाच्या व्याजाचा. भाड्याच्या उत्पन्नातून व्याजाची वजावट घ्यायची आणि विक्रीच्या वेळी तेच व्याज खरेदी किमतीत मिळवून नफा कमी दाखवायचा, असा दुहेरी लाभ काही करदाते घेत असत. २०२३ च्या वित्त कायद्याने ही वाट बंद केली. ते योग्यच झाले, असे म्हणावे लागेल. भाड्यातून दुरुस्तीपोटी मिळणारी ३० टक्क्यांची सरसकट वजावट खरेदी किमतीतून वळती करावी लागत नाही, हा मात्र दिलासा. ज्या जागेवर व्यवसायासाठी घसारा घेतला असेल, तिचा हिशेब वेगळा.

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. भाडेकरू असलेले घर मोकळ्या घरापेक्षा स्वस्त जाते, हे मुंबईत कोणालाही ठाऊक आहे. पागडीच्या जागांत तर ही तफावत फारच मोठी असते. परंतु विक्री किंमत रेडी रेकनरनुसार येणाऱ्या मूल्याहून कमी असेल आणि फरक १० टक्क्यांहून अधिक असेल, तर कलम ५०सी नुसार मुद्रांक मूल्य हीच विक्री किंमत मानली जाते. न मिळालेल्या पैशावर कर! अशा वेळी प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठविण्याची मागणी करनिर्धारण अधिकाऱ्याकडे करता येते. त्यासाठी भाडेकरार, भाडेपावत्या व न्यायालयीन वाद असल्यास त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. घर रिकामे करून देण्यासाठी भाडेकरूस दिलेली रक्कम विक्रीसाठी आवश्यक होती हे सिद्ध झाल्यास तिची वजावट न्यायालयांनी मान्य केली आहे. पण ती धनादेशाने व लेखी करारान्वये दिलेली असावी. रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा कोण देणार?

कर वाचवायचा असल्यास नफ्याइतकी रक्कम भारतातील दुसऱ्या निवासी घरात गुंतवावी लागते : विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी रुपये. नफा २ कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरे घेता येतात. नवे घरही भाड्याने देण्यास हरकत नाही. तीन वर्षांत विकले मात्र तर सवलत अंगलट येते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत गुंतवणूक न झाल्यास उरलेली रक्कम बँकेत भांडवली नफा खाते योजनेखाली ठेवावी. साध्या मुदत ठेवीत ठेवलेले पैसे चालत नाहीत आणि अनेकांची सवलत येथेच हुकते. दुसरे घर नको असेल त्यांना कलम ५४ईसी चे रोखे आहेत : सहा महिन्यांत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी.

परदेशी स्थायिक झालेल्या व येथील घर भाड्याने देऊन गेलेल्या मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अनिवासींना निर्देशांकाचा पर्याय नाही. शिवाय, निवासी विक्रेत्याच्या ५० लाख वा त्याहून अधिकच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कर कापतो; अनिवासींच्या बाबतीत ही कपात भांडवली नफ्याच्या दराने होते आणि कमी कपातीचे प्रमाणपत्र नसेल तर सहसा संपूर्ण किमतीवर. ते प्रमाणपत्र करार करण्यापूर्वीच मागवावे. विक्रीनंतर भाडेकरूकडून जुनी थकबाकी वसूल झाली, तर ती भांडवली नफ्यात न धरता, घर मालकीचे उरले नसले तरी, ३० टक्के वजावटीनंतर घराच्या उत्पन्नातच दाखवावी लागते.