एकसर ते मंडपेश्वर : बोरिवलीच्या इतिहासाचे पायी वाचन

बोरिवलीचा समावेश बृहन्मुंबईत १९५७ साली झाला. परंतु या उपनगराचा इतिहास तेथून आरंभ होतो असे मानणे युक्त नव्हे. एकसरच्या वीरगळांपासून मंडपेश्वर लेण्यापर्यंतची वाट अभ्यासकाने एकदा पायी चालून पाहावी.

वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यातील सुमारे १२६५ च्या जलयुद्धाशी जोडतात. हे अनुमान होय, पुरावा नव्हे. आज इमारतींनी वेढलेल्या या गावाचे समुद्राशी असलेले जुने नाते मात्र त्या नौकांवरून स्पष्ट होते.

मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सुमारे सहाव्या शतकातील नटराज आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी तेथे ख्रिस्ती प्रार्थनास्थान केले; भग्न शिल्पपटावर कोरलेला क्रूस त्याची साक्ष देतो. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली व पुढे तेथे शिवपूजा पुन्हा सुरू झाली.

एकाही राजवटीला आधीच्या खुणा पूर्णपणे पुसता आल्या नाहीत. म्हणूनच जतन करताना एखादा थर ‘मूळ’ ठरवून इतर काढून टाकणे, हा पुराव्याचाच नाश ठरेल.