तैलस्नेही पायसीकारक व कोल्ड क्रीम

तेल आणि पाणी यांचे मिश्रण न फुटता टिकावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी, पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळणारा पदार्थ. तो वापरल्यास तेल सलग राहते आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात विखुरतात. कोणता घटक सलग राहतो, हाच दूध व लोणी यांतील फरक आहे : दुधात स्निग्धांशाचे कण पाण्यात तरंगतात, लोण्यात पाणी स्निग्धांशात अडकलेले असते. विल्यम ग्रिफिन यांनी 1949 मध्ये मांडलेल्या एचएलबी (जलस्नेही-तैलस्नेही संतुलन) मापनश्रेणीत अशा पायसीकारकांचा अंक साधारण 3 ते 6 असतो. सॉर्बिटन ओलिएटचा 4.3.

तेलात पाणी विखुरलेल्या अशाच मिश्रणाचे, म्हणजे कोल्ड क्रीमचे, श्रेय परंपरेने दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याला देतात. मधमाशीचे मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी हे त्याचे घटक. परंतु हे मिश्रण लवकर फुटे. त्वचेवर सुटलेले पाणी उडून गारवा येई, म्हणून हे नाव. पुढे टाकणखार आला. मेणातील आम्लाशी त्याची विक्रिया होऊन साबण तयार होतो व मिश्रण टिकते. लोकरीच्या मेणापासून काढलेल्या युसेरिट या पायसीकारकावर 1911 मध्ये निव्हिया क्रीम बाजारात आले.

कोल्ड क्रीमच्या कृतीत घाई नडते. मेण-तेल आणि पाणी दोन्ही सुमारे 70–75° से. पर्यंत तापवून पाणी बारीक धारेने तेलात सोडतात व निवेपर्यंत घोटतात. गार पाणी ओतल्यास मेणाची कणी धरते. तयार क्रीमचा ठिपका पाण्यात टाकला तर तो विरघळत नाही, तसाच तरंगतो.