पणजी
गोवा राज्याची राजधानी. लोकसंख्या सु. ४०,००० (२०११). हे तिसवाडी तालुक्यात मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, मुखाजवळ वसले आहे. मूळचे हे दलदलीतील खेडे. येथे आदिलशाहाचा वाडा होता. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे जिंकले. रोगराईने त्यांची राजधानी जुने गोवे ओस पडू लागल्यावर व्हाइसरॉयने १७५९ मध्ये या वाड्यात मुक्काम हलविला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दलदल बुजवून आखीव रस्ते झाले. १८४३ मध्ये ‘नोव्हा गोवा’ नावाने ते अधिकृत राजधानी बनले. फोंताइन्हास वस्तीतील रंगीत, कौलारू घरे आणि टेकडीवरील चर्च पोर्तुगीज काळाची साक्ष देतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. ३० मे १९८७ पासून पणजी घटक राज्याची राजधानी आहे.