आठ गण आणि अष्टफलक

वृत्तविचार शिकविताना य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. ते आठच का, हे सांगावयाचे मात्र बहुधा राहून जाते. अक्षरे तीन, प्रत्येक लघू किंवा गुरू. म्हणून प्रकार आठ. लघूंच्या संख्येनुसार त्यांची वाटणी केली तर म एकटा. एका लघूचे य, र, त. दोन लघूंचे भ, ज, स. आणि सर्वलघू न पुन्हा एकटा. १, ३, ३, १.

पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात जो मेरुप्रस्तार उलगडून दाखविला, त्यातील ही एक ओळ. आपले अंबरनाथचे शिवालय त्यानंतरचे, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०चे. पुढे ११५०च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी हेच गणित गायत्रीच्या चरणाला लावले आणि सहा रसांच्या मिश्रणांनाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७च्या शिलालेखात आहे.

आता भूमितीकडे वळू. अष्टफलकाला ६ शिरोबिंदू, १२ कडा व ८ त्रिकोण असतात. समोरासमोरच्या शिरोबिंदूंच्या तीन जोड्यांना तीन अक्षरस्थाने मानून प्रत्येक जोडीत एकास लघू व दुसऱ्यास गुरू म्हटले, की प्रत्येक त्रिकोण म्हणजे एक गण ठरतो. ६, १२, ८ या आकड्यांत समतोल दिसत नाही. पण क्ष³ + ६क्ष² + १२क्ष + ८ या बहुपदीत क्षच्या जागी क्ष − १ ठेवले असता क्ष³ + ३क्ष² + ३क्ष + १ मिळते. मेरूची तीच ओळ!

येथेच ‘हे सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १२ शिरोबिंदू, ३० कडा व २० त्रिकोण असलेल्या विंशतिफलकाला हीच क्रिया लावली तर १, ९, ९, १ येतात. ही ओळ मेरूत कोठेच नाही. समतोल मात्र आहे. गणांतील समतोलाचे कारण उघड आहे: लघू-गुरूंची अदलाबदल. त्रिकोणांनी मढविलेल्या कोणत्याही गोलात तो का राहावा, हा प्रश्न वेगळा. त्याची समीकरणे डेन (१९०५) व सॉमरव्हिल (१९२७) यांच्या नावांनी ओळखली जातात. असे कोणते आकडे संभवतात, याविषयी मॅकमलन यांनी १९७१मध्ये अनुमान मांडले. बहिर्वक्र बहुफलकांपुरते ते १९८०च्या सुमारास सिद्ध झाले. सर्व गोलांसाठीची सिद्धता आदिप्रासितो यांनी २०१८मध्ये जाहीर केली.

हलायुधाने गोल मोजले नव्हते. त्याने वृत्ते मोजली, आणि ती पूर्णपणे मोजली. त्याचे श्रेय तेवढेच आहे व ते थोडे नाही. ते टिकवावयाचे तर अभिमानाने भागणार नाही. प्रस्तार पुन्हा वर्गात फळ्यावर मांडावा लागेल.