लिनक्स होस्टिंग सर्व्हर : देखभाल आणि सुरक्षा (सोलापूर जिल्हा)

संकेतस्थळे ज्या लिनक्स यंत्रांवरून चालतात, त्यांची उभारणी, अद्ययावतीकरण आणि घुसखोरीपासून बचाव करण्याचे काम. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नल प्रसिद्ध केले. पुढे १९९५ मधला अपाचे हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा यांची त्याला जोड मिळाली. ही चौकडी फुकट मिळत असल्याने तिच्यावर स्वस्त होस्टिंगचा धंदा उभा राहिला. अपाचेला पर्याय असलेला इंजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ मध्ये आला.

सोलापूरच्या संकेतस्थळाचा सर्व्हर बहुधा सोलापुरात नसतो. ॲमेझॉनने मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू केला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, एक डेटा सेंटर पुण्यात आहे, आणि ईएसडीएस ही होस्टिंग कंपनी नाशिकची. वीज, वातानुकूलन आणि यंत्राची राखण तिकडे पाहिली जाते. पासवर्ड कोणाकडे, अपडेट कोणी करायचे, बॅकअप कुठे, हे मात्र इथेच ठरते, किंवा ठरायचे राहून जाते.

सरकारी बाजूला या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आधीच दिलेले आहे. सोलापूर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ एनआयसीच्या ‘एस-थ्री-वास’ या सामायिक व्यवस्थेवर चालते. मजकूर जिल्हा कार्यालयाने भरायचा. सर्व्हर, ढाचा आणि सुरक्षा एनआयसीने सांभाळायची. सगळ्या जिल्ह्यांची संकेतस्थळे एकसारखी दिसतात, अशी तक्रार होते आणि ती खरीही आहे. पण प्रत्येक कार्यालयाने आपला सर्व्हर आपण सांभाळण्यापेक्षा हा सारखेपणा परवडला.

खासगी बाजूचे चित्र वेगळे. चादर-टॉवेलचे व्यापारी, दवाखाने, शाळा आणि पतसंस्था यांची संकेतस्थळे करून देणारा एखादा छोटा व्यावसायिक एक व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा आभासी तुकडा) किंवा पुनर्विक्रीसाठीचे रिसेलर खाते घेतो आणि सीपॅनेलवरून त्यात अनेक ग्राहक बसवतो. खाती एकमेकांपासून नीट वेगळी केलेली नसतील, तर चाळीतल्या एका खोलीची आग शेजारी पोचावी तसे होते. एका ग्राहकाच्या जुन्या वर्डप्रेस प्लगिनमधून शिरलेली फाइल बाकीच्यांच्या फोल्डरांत पसरते. म्हणून प्रत्येक खात्याचे पीएचपी वेगळ्या युजरच्या नावाने चालवतात. फाइलना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ ही परवानगी पुरते. ‘अपलोड होत नाही’ म्हणून ७७७, म्हणजे सर्वांना लिहिण्याची मुभा, देण्याची सवय ही या धंद्यातली सर्वांत महाग पडणारी सोय आहे. क्रॅक केलेल्या फुकट थीममध्ये तर घुसखोराचे दार अनेकदा आधीपासूनच बसवलेले असते.

नवा सर्व्हर इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात पोर्ट २२ वर, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचच्या दारावर, पासवर्डचे अंदाज सुरू होतात. हे काम स्वयंचलित प्रोग्रॅम करतात; गाव, धंदा, आकार असले काही ते पाहत नाहीत. ‘आमचं एवढंसं दुकान, कोण हॅक करणार?’ हा युक्तिवाद इथे लटका पडतो. एसएसएचला पासवर्ड बंद करून किल्ली वापरणे, रूट या सर्वाधिकारी खात्याचे थेट लॉगिन बंद करणे आणि फायरवॉलमध्ये ८०, ४४३ व एसएसएच एवढीच पोर्ट उघडी ठेवणे हा पाया. फेल-टू-बॅन वारंवार चुकणारे पत्ते अडवते. पोर्ट २२ बदलून दुसरे ठेवल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, पण त्याला सुरक्षा म्हणू नये.

अपडेटचा प्रश्न सेंटओएस या लिनक्स वितरणाने चव्हाट्यावर आणला. त्याच्या आठव्या आवृत्तीचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सातवीचा ३० जून २०२४ रोजी संपला. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय २०२१ पासूनच उपलब्ध होते. तरी ‘चालतंय ना’ म्हणून थांबणारे पुष्कळ. याची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड या संपीडन-साधनात मुद्दाम पेरलेले मागचे दार आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडले, कारण एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. ते मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांत पोचले होते. स्थिर आवृत्त्या वाचल्या. होस्टिंगसाठी सर्वांत नवी नव्हे, तर सुरक्षा-दुरुस्त्या नियमित मिळणारी स्थिर आवृत्ती निवडण्याचे कारण हेच.

पंढरपूर याच जिल्ह्यात, आणि एकाच जिल्ह्यापुरते असलेले विद्यापीठ २००४ पासून सोलापुरात. त्यामुळे आषाढी एकादशी आणि निकालाचा दिवस हे इथल्या गर्दीचे ठरलेले मुहूर्त. अशा दिवशी मेमरी संपली की लिनक्सचे कर्नल बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारते. छोट्या सर्व्हरवर ती अनेकदा मायएसक्यूएल असते, म्हणून संकेतस्थळ उघडते पण ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढेच दिसते. पीएचपीच्या एका वेळच्या प्रक्रियांना मर्यादा घालणे आणि न बदलणारी पाने कॅशमधून देणे यावर हे निभावते.

बॅकअप संकेतस्थळाच्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. मराठी संकेतस्थळांना आणखी एक धोका असतो. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता ८.० ही आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ होती. जुना डेटाबेस चुकीच्या संहितेत उतरवला, तर सारा देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हे होऊन परत येतो. बॅकअपची फाइल मात्र आकाराने ठीकठाक दिसते. दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून वाचून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि यंत्रांचे घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावे लागते. डेबियन आणि उबंटूवर अपाचेचे लॉग मुळात रोज बदलतात आणि १४ दिवसांनी पुसले जातात. ही मांडणी हाताने बदलावी लागते, आणि लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवावी लागते. रूट मिळवलेला घुसखोर स्थानिक लॉग पुसून टाकू शकतो.